अहमदपूरपर्यंत माझं, पुढं त्याचं

लातूरहून नांदेडला किती वेळ लागतो, हा प्रश्न लोकांनी मला जितक्यांदा विचारला तितक्यांदा माझं नाव कुणी विचारलं नसेल. माझं उत्तर ठरलेलं. तीन तास धरून चला. रस्ता नवा झाल्यापासून कधीकधी अडीच तासांतही माणूस पोचतो. पण तोंडातून अडीच निघालं की गिऱ्हाईक निवांत दाढी करत बसतं आणि मग वाटेत 'जरा दाबा ना' म्हणून माझा जीव खातं. म्हणून तीनच.

एकदा पुण्याचे एक साहेब लातुरात लग्नाला आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना नांदेडला काम होतं. फोनवर नकाशा उघडून मला म्हणाले, "अहो, सरळ रेषेत बघितलं तर हे अंतर शंभराच्या थोडंसंच पुढं आहे. विमानाला वीस मिनिटं लागतील."

"मग विमानानंच जा की," मी म्हणालो.

"लातूरला विमानतळ आहे ना?"

"हाय की साहेब. विमानतळ हाय, विमान न्हाई."

त्यांना वाटलं मी थट्टा करायलोय. थट्टा कसली डोंबलाची! लातूरला चांगली लांबलचक धावपट्टी आहे, कुंपण आहे, पाटी आहे. एखाद्या बड्या असामीचं विमान मधूनच उतरतं तेव्हा पोलिसांची पळापळ दिसते. पण तुम्ही-आम्ही तिकीट काढून बसावं असं विमान तिथून सुटत नाही. ते सुटतं नांदेडहून. म्हणजे लातूरच्या माणसाला उडायचं असेल तर आधी चाकूर, अहमदपूर, लोहा असं करत रस्त्यानं नांदेड गाठायचं आणि मग उडायचं. नांदेडहून बंगळूरला विमानात जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ लातूरहून नांदेडला जाण्यातच जातो. मधूनमधून पेपरात येतं की लातूरची विमानसेवा सुरू होणार. त्या दिवशी मी न चुकता नांदेडला माधवरावला फोन लावतो आणि मोठ्यानं बातमी वाचून दाखवतो. तो शांतपणे म्हणतो, "हाव, होऊ दे की. चांगलंच हाय." त्याच्या या चांगलंच हाय म्हणण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माधवराव म्हणजे माझा साडभाऊ. माझी बायको सुरेखा धाकटी, त्याची मंगलताई थोरली. तोही माझ्यासारखाच पिवळ्या पाटीची गाडी चालवतो, तो नांदेडात, मी लातुरात. संपादकांनी मला धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, लिहितो, पण त्यात हा माणूस येणारच. तो नसता तर माझा धंदा झाला नसता आणि तो नसता तर माझा रक्तदाबही वाढला नसता.

आमचा धंदा कसा चालायचा ते आधी सांगतो. लातूरचं गिऱ्हाईक नांदेडच्या विमानाला सोडायला जावं, तर परत येताना माझी गाडी खाली. खाली गाडी पळवणं म्हणजे डिझेल जाळून वारा खाणं. तिकडं माधवरावचं तेच. नांदेडला उतरलेला माणूस लातूरला आणून सोडला की हा बाबा एकटाच गाणी ऐकत परत जाणार. म्हणून आम्ही पहिल्यापासूनच अदलाबदल ठेवली. सकाळी एकमेकाला फोन करायचा. माझ्याकडं नांदेडचं गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडं लातूरचं आहे, वेळ जुळतेय, असं दिसलं की दोघांनी आपापल्या गावाहून निघायचं आणि अहमदपूरला भेटायचं. अहमदपूर बरोब्बर मध्यावर आहे. तिथं एका हॉटेलात गिऱ्हाइकांनी चहा प्यायचा. एका गाडीतून उतरायचं आणि चहा झाला की दुसरीत बसायचं. तोवर आम्ही सामान इकडचं तिकडं केलेलं असायचं. मग मी मागं फिरून लातूर, तो मागं फिरून नांदेड. दोघंही दुपारच्या जेवणाला आपापल्या घरी. काही गिऱ्हाइकं आधी कुरकुरायची, पण पुढं त्यांनाच ते आवडायला लागलं. ड्रायव्हर अर्ध्या रस्त्यात ताजा मिळतो ना!

वेळ जुळली नाही तर फेरीच घ्यायची नाही, ती दुसऱ्याला द्यायची. खाली गाडी पळवायची नाही म्हणजे नाही, हा आमचा नेम. त्यामुळं गंमत काय झाली, नांदेडच्या विमानतळाला शेकडो माणसं पाठवूनसुद्धा मी कधी त्याच्या दारापर्यंत गेलो नाही. माझा रस्ता अहमदपूरला संपायचा.

आता यात जळण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. ऐका तर खरं.

विमानाला निघालेल्या माणसाच्या घरी सकाळी काय चाललेलं असतं ते एक देवाला ठाऊक, नाहीतर ड्रायव्हरला. आधारकार्ड सापडत नसतं. बायको रुसलेली असते. म्हातारी देवापुढून उठत नसते. लोणच्याची बरणी पिशवीत घालायची की पेटीत यावर तीन माणसं भांडत असतात. मी दारात हॉर्न दाबावा की नको या विचारात. शेवटी सगळे चिडून गाडीत बसतात आणि आष्टामोड येईपर्यंत तो सगळा राग माझ्या गाडी चालवण्यावर निघतो. हळू चालवलं तरी चूक, जोरात चालवलं तरी चूक. मग हळूहळू माणूस निवतो. चाकूर गेलं की पाय पसरतो. अहमदपूरला चहा पिऊन अगदी हसतमुख होतो आणि असा धुऊन-पुसून तयार झालेला माणूस माधवरावच्या गाडीत जाऊन बसतो! पुढं तीच माणसं माधवरावशी गप्पा मारतात, विमानतळावर उतरल्यावर त्याचा हात हातात घेऊन आभार मानतात. रडकं माझ्या वाट्याला, हसरं त्याच्या. परत येणाऱ्यांचंही तेच. विमानातून उतरल्यावर पहिला ओळखीचा चेहरा माधवरावचा. आनंद तिथंच सांडून होतो. माझ्या गाडीत बसलं की म्हणायचं, जरा एसी वाढवा, झोपतो मी.

आमच्या गल्लीत एक रिटायर झालेल्या शिक्षिका राहतात. आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्यांचा मुलगा बंगळूरला. एकदा मी त्यांना घेऊन आष्टामोडला पोचलो तेव्हा त्यांना आठवलं की चष्मा देवघरातच राहिला. मी गाडी वळवली. लातूर गाठलं, कुलूप काढलं, चष्मा घेतला, पुन्हा निघालो. असा हाणला रस्ता की बाई पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत होत्या. अहमदपूरला माधवरावच्या हवाली केलं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. पुढं नेमकी माळेगावची जत्रा. उंट, घोडे, गाढवं आणि माणसं, सगळी रस्त्यावर. माधवरावनं गाडी आतल्या खेड्यांतून काढली आणि बाईंना वेळेत पोचवलं. मला मान्य आहे, चांगलं काम केलं. महिन्यानं बाई परत आल्या. माधवरावला शर्टाचं कापड आणलं होतं. मला म्हणाल्या, "बालाजी, तुमचा साडू म्हणजे देवमाणूस हो."

मी म्हणालो, "अन् चष्मा आणायला मागं कोण फिरलं होतं, बाई?"

"कुठला चष्मा?" बाई म्हणाल्या.

त्या शर्टात माधवराव दिसला की अजून माझं डोकं फिरतं. त्याला शोभतोही मेला तो शर्ट. उंच माणूस, आवाज खालच्या पट्टीतला, कधी कुणावर खेकसला नाही. सासुरवाडीत पाहुणे जमले की सासूबाई आधी त्याच्या पानात वाढायच्या. थोरला जावई आहे म्हणून, असं सुरेखा समजावते. असेल बुवा.

त्याच्याकडं एकच गोष्ट नव्हती जी माझ्याकडं होती. त्याला मूलबाळ झालं नाही. मला शिवकन्या आहे, एकुलती एक. मी कधी उघड बोललो नाही, इतका काही मी नीच नाही. पण मनात कुठंतरी हिशोब असायचा, की विमान तुझं, शर्ट तुझा, सासूबाई तुझ्या, पण पोरगी माझी.

मग काय झालं, बारावीनंतर शिवूला इंजिनिअरिंगला नंबर लागला तो नांदेडात! देशभरातली पोरं शिकायला लातूरला येतात, आमच्या गल्लीतली एक खोली रिकामी नसते, आणि माझी पोरगी चालली नांदेडला. सुरेखा म्हणाली, "होस्टेल कशाला? माझी बहीण काय मेली का?" झालं. शिवू मावशीकडं राहायला गेली. चार वर्षं.

सुट्टीला घरी यायची ती आमच्या अदलाबदलीतूनच. माधवराव तिला लातूरच्या गिऱ्हाइकाबरोबर पुढच्या सीटवर बसवून अहमदपूरपर्यंत आणायचा आणि तिथं ती माझ्या गाडीत यायची. मी सकाळपासून तिच्याशी बोलायचं ठरवून आलेलो असायचो. पण तिचं बोलणं संपलेलं असायचं. कॉलेजात काय झालं, कोणत्या मास्तरानं काय म्हणलं, कुणाशी भांडण झालं, हे सगळं नांदेड ते अहमदपूर या रस्त्यात होऊन जायचं. मी विचारलं, "मग, काय चाललंय?" की म्हणायची, "काही नाही पप्पा, मजेत." आणि फोन काढायची. पुढं कधी माधवरावशी बोलताना तो सहज म्हणायचा, "शिवूचा तो प्रोजेक्ट बरा झाला म्हणायचा." कुठला प्रोजेक्ट? मला पत्ता नाही! मी 'हाव हाव' करून वेळ मारून न्यायचो आणि घरी येऊन सुरेखावर चिडायचो.

"मानसानं कशाकशावर जळावं?" सुरेखा म्हणायची. "लेकराला जीव लावला म्हणून पोटात दुखायलंय का तुमच्या?"

"जीव लावला म्हणून न्हाई. माझ्या वाटणीचा लावला म्हणून."

"वाटणी? ती काय आंब्याची आढी हाय का?"

बायकोपुढं बोलण्यात अर्थ नसतो. पण मी खरंच जळत होतो. तो तिला विमानतळावर नेऊन लांबून विमानं दाखवायचा, म्हणे. मी तिला लहानपणी लातूरच्या धावपट्टीचं कुंपण दाखवलं होतं.

शिक्षण संपलं, नोकरी लागली बंगळूरला. शिवू सामानसुमान घेऊन लातूरला आली. मंगलताईनं तिकडं पेटी भरतानाच रडून घेतलं होतं. जायचा दिवस ठरला, नांदेडचं विमान, तिचा पहिलाच प्रवास. माझ्या मनात एकच गोष्ट होती. आयुष्यभर लोकांच्या लेकीबाळी अर्ध्या रस्त्यापर्यंत सोडल्या. माझी पोरगी मी पार विमानाच्या दारापर्यंत नेणार. आदल्या दिवशी माधवरावला फोन केला.

"उद्या अदलाबदल न्हाई. मी थेट नांदेडला यायलोय."

 तो म्हणाला, "बरं."

सुरेखाला गाडी लागते. ड्रायव्हरची बायको, पण तिला कोपऱ्यापर्यंतही गाडी सोसत नाही. तिनं दारातच शिवूला ओवाळलं, हातावर दही ठेवलं. आम्ही बापलेक निघालो. काय सांगू तुम्हाला, पोरगी त्या दिवशी बोलली! घाबरली होती म्हणून असेल. विमान उडताना कान दुखतात का, खिडकी उघडता येते का, तिथं कानडी नाही आलं तर कसं. मला यातलं काही माहीत नव्हतं, पण मी सगळ्याला उत्तरं दिली. चाकूर कधी गेलं कळलं नाही.

अहमदपूरला चहाला थांबलो. मुद्दाम थांबलो असं नाही, हात आपोआप स्टिअरिंग तिकडं वळवतात. आणि तिथं माधवरावची गाडी उभी. तो बाहेर उभा, इस्त्रीचा शर्ट घालून, तोच शर्ट.

"गिऱ्हाईक कुठंय तुझं?" मी विचारलं.

"न्हाई कुणी."

"खाली आलास?"

"हाव."

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्या रस्त्यावर खाली गाडी आणली नव्हती. मी त्याच्या गाडीकडं बघत राहिलो. काच पुसलेली, पुढच्या सीटवर पाण्याची बाटली ठेवलेली.

"इथून पुढं आपलं ठरलेलंच हाय," तो म्हणाला.

"काल सांगितलं व्हतं मी तुला."

"सांगितलं व्हतंस." तो शिवूकडं वळला. "चहा घेतला का?"

आणि मी बघतोय तोवर त्यानं माझी डिकी उघडून शिवूची पेटी उचलली होती. त्याचंही खरं तर चूक नव्हतं. अहमदपूरला आलं की माझ्या डिकीतलं सामान त्याच्या डिकीत, ही सवयच. पण मी धावत गेलो आणि त्याच्या हातातून पेटी ओढून घेतली. हॉटेलातले लोक बघायला लागले. पिकल्या केसांची दोन माणसं एका पेटीला धरून उभी! शिवू चहाचा कप हातात घेऊन मध्ये उभी होती. ना माझ्याकडं बघत होती ना त्याच्याकडं.

"मला उशीर होतोय," ती म्हणाली. "कुणाच्या का गाडीत बसवा, पण निघा आता."

मी तिला माझ्या गाडीत बसवलं आणि निघालो. माधवराव मागं आला. अहमदपूरपासून नांदेडपर्यंत पूर्ण रस्ता त्याची पांढरी गाडी माझ्या आरशात. मी वेग वाढवला की तो वाढवायचा नाही, पण पाच मिनिटांनी पुन्हा दिसायचाच. शिवू एकदाही मागं वळली नाही. पण तीही तिच्या बाजूच्या आरशात बघत होती, हे माझ्या ध्यानात आलं. त्या अर्ध्या रस्त्यात ती काही बोलली नाही. तो रस्ता तिला माझ्याबरोबर बोलायच्या सवयीचाच नव्हता.

नांदेडला विमानतळावर पोचलो आणि माझी फजिती सुरू झाली. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, काही ठाऊक नाही. नको तिथं गाडी लावली. शिपायानं शिट्टी मारली. पुढं घेतली तर तिथंही शिट्टी. गावाकडून पहिल्यांदा शहरात आलेल्या माणसागत मी मान बाहेर काढून विचारत होतो. माधवरावनं त्याची गाडी बरोबर जागी लावली, शिपायाला हात केला, येऊन माझ्या खिडकीशी वाकला आणि हळूच म्हणाला, "डाव्या अंगाला घे." घेतली. करतो काय?

मग त्यानंच तिला सगळं सांगितलं. आधारकार्ड हातातच धर. पेटी आधी यंत्रातून जाईल, मग वजन होईल. कान दुखले तर आवंढा गिळ. खिडकी उघडत नसते बरं का, तो म्हणाला, आणि शिवू हसली. मी तिला गाडीत सांगितलं होतं, थोडी उघडते.

दाराशी ती आमच्या दोघांच्या पाया पडली. आधी माझ्या. ते मी बघून ठेवलं, खोटं कशाला सांगू! मग आत गेली.

आम्ही बाहेर एका टपरीवर चहा घेतला.  तेवढ्यात फोन वाजला, माधवरावचा. मी नाव वाचलं, शिवू.  आत जाऊन पहिला फोन तिनं त्याला केला होता. माधवरावला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोन कायम मोठ्यानं लावतो.

"काका, पप्पा बरे हायेत का?" शिवू विचारत होती. "मला कायतरीच वाटायलंय. त्यान्ला म्हणावं, जाताना सावकाश चालवा. उन्हाचं चक्कर येती त्यान्ला अधूनमधून. लोह्यात जेवायला लावा. अन् मी म्हणले असं सांगू नका. ठेवते, बोलवायलेत."

फोन बंद झाला. माधवराव तसाच बंद फोनकडं बघत बसला. पोरीनं फोन त्याला केला होता, पण त्याला काहीच विचारलं नव्हतं. तुम्ही जेवलात का नाही, की तुम्हालाही वाईट वाटत असेल नाही. त्याचा चेहरा बघून मी ओळखलं. बाईंनी कुठला चष्मा म्हणलं तेव्हा माझा चेहरा असाच झाला असणार.

"अर्धा रस्ता माझा व्हता, बालाजी," तो म्हणाला. मोठ्यानं नाही, त्याच्या त्या खालच्या आवाजात. "तुला तर जन्मभर हाय ती. मला तेवढाच रस्ता व्हता."

मला राग आणायचा होता, पण कुठून आणणार? मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "येताना तू आण. विमानतळावर मी येत न्हाई. अहमदपूरला उभा राहतो."

"नक्की?"

"हाव म्हणलं ना!"

म्हणालो खरं आणि गाडीत बसल्या बसल्या पस्तावलो. विमानातून उतरणारी पोरगी बघायची सोडून मी पुन्हा अहमदपूरला उभा राहणार होतो. परतीच्या रस्त्याला गाडी खाली होती आणि मी लातूर येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

आता मी रोजच्या फेऱ्या बंद केल्यात. ओळखीचं कुणी असलं तरच गाडी काढतो. यंदा महालक्ष्म्यांच्या सणाला शिवू पहिल्यांदा घरी येणार होती. सुरेखानं शेजारपाजाऱ्यांना सांगून सांगून वीट आणला. दुपारी विमान उतरणार, मी जेवणाच्या आधीच अहमदपूरला जाऊन बसलो. ठरल्या वेळेला कुणी आलं नाही. माधवरावला फोन केला, उचलला नाही. गाडी चालवत असला की तो उचलत नाही, हे मला माहीत आहे, पण त्या वेळेला ते पटत नाही. माझ्या डोळ्यांपुढं सगळं दिसायला लागलं. ही दोघं कुठं लोह्याला भजी खात बसली असतील. ती बंगळूरच्या गोष्टी सांगत असेल. पहिला पगार, ऑफिस, मैत्रिणी, सगळं. तो 'चांगलंच हाय' म्हणत असेल. माझ्यापर्यंत येईस्तोवर पुन्हा 'मजेत आहे पप्पा'. हॉटेलवाला तिसरा चहा घेऊन आला तर मी त्याच्यावर खेकसलो.

शेवटी पांढरी गाडी दिसली. इतकी हळू येत होती की मला वाटलं पंक्चर झालं. माधवरावनं ती झाडाखाली आणून उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि ओठांवर बोट ठेवून खाली उतरला. दारसुद्धा त्यानं लावलं नाही, नुसतं टेकवलं.

शिवू पुढच्या सीटवर झोपली होती. मान खिडकीकडं कललेली, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशीच.

"उठवू नको," तो कुजबुजला. "रातपाळी करून थेट इमानात बसली म्हणे. लोह्यापर्यंत बोलत व्हती, आत्ता कुठं डोळा लागलाय."

लोह्यापर्यंत बोलत होती. म्हणजे ऐकायचं ते याचं ऐकून झालं होतं. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं, अन् तसंच मिटलं. अदलाबदल करायची तर तिला उठवावं लागणार. पेटी काढायला डिकी उघडली तरी आवाज होणार. आम्ही दोघं काचेबाहेर उभे राहून तिच्याकडं बघत होतो आणि काय करावं दोघांनाही सुचत नव्हतं. इतक्या वर्षांत आमची अदलाबदल पहिल्यांदाच अडली होती.

मग माधवरावनं हात पुढं केला. "तुझी चावी दे."

"का?"

"दे तर. तू माझी गाडी घेऊन घरी जा. मी तुझी घेऊन जातो. लक्ष्म्या झाल्या की पुन्हा इथंच बदलू."

मी चावी दिली. तो माझ्या गाडीकडं गेला, मध्येच वळला, तिच्या बाजूच्या काचेतून एकदा बघून घेतलं आणि गेला. त्याला जाताना बघून मला वाईट वाटलं असं लिहिणार होतो. वाटलंही थोडं. पण जास्त करून मला वाटलं, हे याला कसं सुचतं? मला का नाही सुचत?

मी त्याच्या गाडीत बसलो. सीट उंच माणसाची, पाय धड पोचत नव्हते. पुढं सरकवली तर कचकच आवाज होईल म्हणून तसाच ताणून बसलो. आरशात रस्ता सोडून छतच दिसत होतं. गाडीला उदबत्तीचा वास. त्याच्या गतीनं, हळू, मी गाडी काढली. मागून ट्रकवाले हॉर्न मारून पुढं जात होते. मी जाऊ दिले.

शिरूर ताजबंदच्या पुढं रस्त्यात एक खड्डा आला. कितीही जपलं तरी गाडी हलली. शिवूनं डोळे न उघडता मान या अंगाची त्या अंगाला केली.

"काका," ती झोपेत म्हणाली, "अहमदपूर आलं का?"

 मी बाप तिच्या शेजारी बसलेला आणि पोरीच्या तोंडात काका. अहमदपूर तर केव्हाच मागं पडलं होतं, चाकूरची पाटी समोर दिसत होती. बापाला भेटायचं म्हणून विचारत होती, की काकाला सोडावं लागणार म्हणून, हे मला काय कळणार? मी तिच्याकडं पाहिलं. डोळे मिटलेलेच होते.

"न्हाई अजून," मी माधवरावसारखा खालचा आवाज काढून म्हणालो. "झोप तू."